न प्यायलेला द्रोण

बाबा पंचायत समितीचे सदस्य होते आणि भाषणाला उभे राहिले की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं: आधी बंदूक खाली ठेवा, मग बोला. गोंडपिपरीच्या बाजारात या वाक्यावर टाळ्या पडायच्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाच्याही दारात कधी बंदूक आलेली नव्हती, हे मी तेव्हाही त्यांना तोंडावर सांगायचे. बाबा हसून म्हणायचे, "तू सुया टोच बाई, राजकारण मले करू दे."

सुया टोचणं हेच माझं काम होतं. ऐंशीनंतरची ती वर्षं. मी नर्स होते आणि माझी नेमणूक गडचिरोलीच्या आतल्या जंगलात, एका उपकेंद्रावर होती. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पलंग आणि पावसाळ्यात बंद पडणारा रस्ता. सुरुवातीला माडिया बायका मला पाहिलं की पोरं घेऊन घरात शिरायच्या. मग एकदा जवळच्या गावच्या भुमियाची सून बाळंतपणात अडली. भुमिया म्हणजे गावाचा कारभारी आणि देवाचं पाहणारा, दोन्ही एकच. ती सुटली, मूलही जगलं, आणि त्या दिवसापासून मला कुठल्याही गावात कुणी अडवलं नाही. कामापुरती गोंडीही यायला लागली.

दादालोक त्याच सुमारास आले. आधी नुसती कुजबुज, मग बाजारात चिकटवलेले कागद, मग प्रत्यक्ष माणसं. गावातले त्यांना दादा म्हणत, पोलीस नक्षलवादी म्हणत. माझ्याकडे ते हिवतापाच्या गोळ्या मागायला यायचे. पोलीस दम द्यायचे, "बाई, गोळ्या कोणाले देता?" मी म्हणायचे, "ताप आलेल्याले." डासाला कुणाचा पक्ष कळत नाही आणि मलाही कळून घ्यायचा नव्हता.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, बल्लारपूरला कागद कारखान्यात बदली कामगार होते. बदली कामगार म्हणजे कुणी गैरहजर राहिलं तर हाताला काम, नाहीतर फाटकापासून परत. म्हणून उन्हाळ्यात ते तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे विडीची पानं गोळा करायच्या जागेवर, मुन्शी म्हणून जायचे. त्या वर्षी त्यांची फडी माझ्याच उपकेंद्राच्या हद्दीत होती. बायका पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायच्या, घरी पुडे बांधायच्या आणि दुपार कलली की फडीवर आणून उन्हात रांगेनं मांडायच्या. मुन्शीनं रांगेतून फिरायचं आणि पुडा लहान वाटला, पान फाटकं वाटलं की बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणत. गंमत अशी की छाट केलेल्या पुड्याची मजुरी मिळायची नाही, आणि तो पुडा परतही मिळायचा नाही. तो ठेकेदाराच्याच गोदामात जायचा.

मी भाऊजींना म्हटलं, "हे बरं नाही." ते मोठे हसरे होते, कशालाही हसून उत्तर द्यायचे. म्हणाले, "नर्सबाई, मी पुडा नाई फेकला तं मालक मले फेकन." आणि लगेच विषय बदलून, "तुमच्याजवळ एखांदी गोळी हाय काय, सासऱ्याचं भाषन आखूड व्हाले?"

मला ते आवडायचे. ताईला तर इतके आवडायचे की ते फडीवर असले की ती तीन-तीन दिवस लुगडं बदलायची नाही. कुणासाठी नेसायचं, म्हणायची.

एका दुपारी, पुडे मांडून झालेले असताना, दादालोक फडीवर आले. बायकांना म्हणाले घरी जा, आणि भाऊजींना घेऊन गेले. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. भाऊजींनी पायात चपला घालू का विचारलं, ते हो म्हणाले. हे सगळं मला एका बाईनं सांगितलं, जिच्या मुलाच्या कानाला मी औषध घालत होते. कान तसाच सोडून मी एसटी पकडली.

गोंडपिपरीला ताई मुलीला घेऊन बाबांकडेच राहायला आलेली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी सांगितलं तेव्हा ताई रडली नाही. तिनं बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुमी बोला."

"कोणाशी बोलू मी?"

"ज्याईनं नेलं त्याईच्याशी."

बाबा दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला गेले, पक्षाच्या जिल्ह्याच्या पुढाऱ्याकडे. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. साहेबांनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "सरकार असल्या लोकांशी बोलत नसते. तुमीच तं सांगता ना भाषनात? आता तुमच्याच घरच्यासाठी बोललो तं लोक काय म्हनतीन?" बाबा परत आले ते दहा वर्षांनी म्हातारे होऊन आल्यासारखे. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, रागही आला. वर्षभरापूर्वी आतल्या एका गावची बाई आमच्या अंगणात बसून गेली होती. तिचा नवराही असाच नेला होता. बाबांनी तिला पाणी दिलं, जेवू घातलं आणि आपलं तेच वाक्य समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या जावयासाठी जे तत्त्व होतं ते स्वतःच्या जावयापाशी आल्यावर अडचण झालं. राजकारणातल्या माणसांचं असं होतं. तसा माणूस आपल्याच घरात असला की मात्र ते बघवत नाही.

जेवणं झाल्यावर बाबा मला म्हणाले, "तुह्या त्या गावचा भुमिया. त्याले विचारशीन काय?"

भुमियाला मी विचारलं. तो चिलीम खाली ठेवून म्हणाला, "मी मधात बसन." माडियांमध्ये मधला माणूस ही मोठी जबाबदारी. दोन गावांची भांडणं, बायकोवरून झालेली, जमिनीवरून झालेली, अशीच मिटायची. दोन्ही बाजू गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मांडवात, बसवायच्या. कुऱ्हाडी बाहेर ओंडक्यात रोवायच्या. बोलणं झालं की मोहाच्या दारूचा एक द्रोण भरायचा, चार थेंब जमिनीला द्यायचे, आणि दोन्हीकडच्यांनी त्याच एका द्रोणातून प्यायचं. मग तो शब्द दोघांचा राहत नाही, गावाचा होतो. कुणी मोडायला गेला तर सगळं गाव आडवं उभं राहतं. दादालोकही हे मानायचे. गावाला दुखवून जंगलात राहता येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. भुमियाचा निरोप गेला तसे ते बसायला तयार झाले.

मी हे सगळं बाबांना जंगलातल्या वाटेवर सांगितलं. आम्ही दोघंच चाललो होतो. द्रोणाचं सांगितलं तसे बाबा थांबले.

इथे आमच्या घरचं थोडं सांगायला हवं. माझे आजोबा दारूनं गेले. नुसते गेले नाहीत, आधी घरातली भांडी गेली, मग आजीचे दात. बाबा छप्पन साली तरुण होते, नागपूरला पायी आणि मालगाडीनं जाऊन दीक्षा घेऊन आले. मी दारू पिणार नाही, ही प्रतिज्ञा त्यांनी तिथं म्हटली आणि त्यानंतर खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन मगच घेतलं. आमच्या वस्तीत लग्नाला दारू आली तर बाबा मांडवातून उठून जायचे, मग तो मांडव सख्ख्या भावाचा का असेना.

"बाबा, प्यायची नाही. फक्त ओठाला लावायची."

"ओठाले लावली तं तुटलीच."

"भाऊजींचा जीव मोठा की प्रतिज्ञा?"

मी हे ओरडून म्हटलं असणार, कारण बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग ते शांतपणे म्हणाले, "बाई, ते माह्याशी बोलाले काऊन तयार झाले? मी शब्दाचा हाय म्हनून. आपली प्रतिज्ञा मोडनाऱ्या मानसाचा शब्द कोन घेईन?"

मी रागानं भराभर चालत राहिले आणि बाबा मागे पडत गेले.

गोटुलात दुपारी बसलो. एका बाजूला आम्ही दोघं, समोर दादालोक तिघंचौघं, मधे भुमिया, आणि भोवती गावातले म्हातारे. दादांनी बंदुका मांडीवर घेतल्या होत्या. भुमियानं नुसती मान हलवली, तशा त्यांनी त्या उठून खांबाला टेकवल्या. बाबांच्या भाषणातलं वाक्य त्या दिवशी खरं झालं होतं. बंदुका खाली होत्या. हातभर अंतरावर होत्या, पण खाली होत्या.

त्यांचा पुढारी माझ्यापेक्षा लहान असेल. तेलुगू वळणाचं हिंदी बोलत होता आणि डोळे तापानं पिवळे झाले होते. बाबांनी सुरुवात केली ती भाषणासारखीच, लोकशाही, संविधान, गोरगरीब. भुमिया मधेच म्हणाला, "सभा नाई हे, मेंबरभाऊ. तुले काय पायजे ते सांग." बाबांचा आवाज तिथं फुटला. "माह्या पोरीचा नवरा पायजे," म्हणाले. माझ्या बापाला मी चार लोकांत असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं, आणि मला वाटतं त्यांच्या सगळ्या राजकारणात एवढं खरं वाक्य दुसरं नव्हतं.

पुढाऱ्यानं विचारलं, "आपने कभी छाट के बारे में बोला, मेंबरसाब? फॉरेस्टवाले फुकट में काम कराते, मुर्गी ले जाते, उसके बारे में बोला?"

"बोलतो ना."

"कब बोला?"

शेवटी ठरलं असं: पुढच्या बाजारात बाबांनी उघड बोलायचं, की छाटीचा पुडा फुकट घेणं ही चोरी आहे आणि वेठ बंद झाली पाहिजे. ते झालं की भाऊजी घरी. मागणं एवढंच होतं. बंदूक न घेताही हे कुणीही केव्हाच बोलू शकलं असतं.

मग भुमियाच्या बायकोनं द्रोण आणला. भुमियानं थेंब जमिनीला दिले आणि द्रोण त्या पुढाऱ्याकडे केला. तो म्हणाला, "हम भी नहीं पीते, मना है." तरी त्यानं ओठ लावले, गावासाठी. मग द्रोण बाबांकडे आला.

बाबांनी हात जोडले.

भुमियानं माझ्याकडे पाहिलं. मी मोडक्यातोडक्या गोंडीत सांगितलं की ही यांची शपथ आहे, यांच्या धर्माची. पाणी चालेल का, असंही विचारलं. म्हाताऱ्यांनी आपसांत पाहिलं. एकजण म्हणाला, पाणी तर वैऱ्यालाही देतात, पाण्यानं काय बांधलं जातं? भुमियानं आणखी थोडा वेळ द्रोण तसाच धरून ठेवला, माझ्या बापाला सवड द्यावी म्हणून. मग त्यानं तो खांबाच्या बुडाशी ओतून टाकला.

परतताना बाबा हलके झाले होते. "झालं बाई," म्हणत होते, "मानसं आयकतेत. बोलनारा पायजे." मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

बाजारात बाबा बोलले. शब्दाला जागले, एक अक्षर गिळलं नाही. टाळ्या पडल्या नाहीत. ठेकेदाराची माणसं उठून गेली आणि जरा वेळानं साहेबांची जीप आली. बाबांना हे कुणी बोलायला लावलं हे कळायला कुणाला अक्कल लागत नव्हती. पोलिसांनाही लागली नाही. दुसऱ्याच सकाळी त्यांची तुकडी त्या गावात शिरली, गोटुल विस्कटलं, म्हाताऱ्यांना उन्हात बसवलं, दोघातिघांना बडवलं. तुकडी गेली आणि दादालोक आले. त्यांनी भुमियाला विचारलं, पोलीस मेंबरनं पाठवले का?

भुमियानं काय उत्तर दिलं ते त्यानंच मला सांगितलं, उपकेंद्राच्या पायरीवर बसून, पाठीवरच्या वळांना मी औषध लावत असताना. "मले मालूम नाई म्हनलं. मंग त्याईनं विचारलं, तू मेंबरसाठी उभा राह्यतो काय? मी काय म्हनू बाई? पेला असता तं सारं गाव उभं राह्यलं असतं. त्यानं पेलं नाई. मी लबाड कसा बोलू?" आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला.

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. एकदा लबाड बोलला असतास तर काय बिघडलं असतं, असं ओरडावंसं वाटलं. बाबांनाही तेच विचारावंसं वाटत होतं. एक शपथ मोडेना, दुसरा खोटं बोलेना, आणि ज्यांना खोटं सहज बोलता येतं ते चंद्रपुरात पंख्याखाली बसलेले. मी त्याच्या पाठीला औषध लावत राहिले.

भाऊजी फडीच्या रस्त्यावर सापडले. पोलिसांनी ओळख पटवायला मलाच बोलावलं. मी इतकी माणसं पाहिली होती, पण त्या चेहऱ्याकडे मला नीट पाहवलं नाही. पायात चपला होत्या, एवढं पाहिलं.

साहेब शोकसभेला आले. मोठा हार आणला होता. "खुन्यांशी चर्चा नाही," म्हणाले, आणि आता टाळ्या पडल्या, शोकसभेत. बाबांना बोला म्हटलं. ते उभे राहिले, माईकपाशी गेले, आणि तसेच परत येऊन बसले. त्यानंतर त्यांनी निवडणूक लढवली नाही. घरात ताईपुढं त्यांना शब्द सापडेनासा झाला. द्रोणाची गोष्ट त्यांनी तिला कधी सांगितली नाही आणि तिला ती बाजारातून केव्हाच कळली होती. ती त्यांना वेळेवर वाढायची, त्यांचं धोतर धुवायची. दोष देणारं एक वाक्य तिच्या तोंडून आलं असतं तर बाबांना बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

दशक संपत आलं तेव्हा सरकारनं दादालोकांशी बोलावं की नाही यावरून पुन्हा गलका सुरू झाला. काही शिकलेली मंडळी बोला म्हणत होती. साहेबांनी विरोधात सभा ठेवली आणि ताईला मंचावर बसवायचं ठरवलं. विधवा मंचावर असली की सभा जड होते. त्यांची माणसं अंगणात आली. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भोंगा कुठवर आयकू जाते?"

"लांबवर जाते बाई. पेपरातही छापून येईन."

"मंग मी येतो," ताई म्हणाली.

मी तिच्यासोबत गेले. मैदान भरलेलं होतं. तिला शिकवून ठेवलं होतं काय म्हणायचं ते. ती माईकपाशी गेली, पदर नीट केला आणि साहेबांकडे पाठ करून, मैदानाच्या पलीकडे जिथं झाडं सुरू होत होती तिकडे तोंड करून बोलली.

"मी फडीवरच्या मुन्शीची बायको हाय. मले नुकसानभरपाई नाई पायजे, बदला नाई पायजे. तुमी त्याईले नेलं तवापासून मारलं तवापर्यंत ते तुमच्यापाशी होते. ते काय खात होते, पोरीचं नाव काढलं काय, आखरीले काय बोलले, हे तुमालेच मालूम हाय. दुसऱ्या कोनालेच नाई. हे लोकं म्हनतेत तुमच्याशी बोलाचं नाई. मंग मी कोनाले विचारू?"

साहेबांनी खूण केली, कुणीतरी माईक काढून घेतला, आणि लगेच घोषणा सुरू झाल्या.

येताना एसटीत गर्दी होती. ताईला खिडकीपाशी जागा मिळाली, मी दांडीला धरून उभी होते. मैदान मागं पडल्यावर ती वर पाहून म्हणाली, "आयकलं असन काय वं त्याईनं?"

"आयकलं असन," मी म्हटलं. "गर्दीत त्याईची मानसं असतेतच."

तिला ते पटलं. त्यानंतर बरीच वर्षं दुपारच्या वेळी ती कुठं जायची नाही. कुणी सांगायला आलं तर घर बंद दिसू नये, म्हणायची.